आकाशातला जाळ आणि मनातले सेकंद



आमच्या हॉस्टेलवर तीन प्रश्नांवर आजवर एकमत झालेलं नाही. एक, काल मेसमध्ये भाजी कशाची होती. दोन, व्हायवाला एक्स्टर्नल कोण येणार. आणि तीन, २ एप्रिल २०२२ च्या रात्री आपल्या वऱ्हाडाच्या आकाशातून जळत गेलं ते नेमकं काय होतं. पहिले दोन प्रश्न माझ्या कुवतीबाहेरचे आहेत. तिसऱ्याचं उत्तर मात्र मिळालेलं आहे. शिवाय ते उत्तर कसं काढायचं हे कळलं, की पुढच्या वेळी आकाशात जाळ दिसल्यावर "काय होतं बे थे?" असं दुसऱ्याला विचारावं लागत नाही. म्हणून हा लेख.

तो दिवस गुढीपाडव्याचा, वार शनिवार. मी तेव्हा अकरावीत, मुक्काम अकोल्याला घरीच. रात्रीचे पावणेआठ झाले असतील. अमावास्या आदल्याच दिवशी होऊन गेलेली, त्यामुळे चंद्राचा त्रास नाही. श्रीखंड-पुरीने जड झालेले आम्ही सगळे गच्चीवर वारा खात बसलो होतो. पश्चिमेकडून एक तेजस्वी ठिपका निघाला. बघता बघता त्याला शेपूट फुटलं, मग शेपटीचे तुकडे झाले, आणि ते सगळे तुकडे एका रांगेत, एकाच चालीने, शाळेची सहल निघावी तसे पूर्वेकडे चालले. आवाज अजिबात नाही. आवाज होता तो गल्लीत!

"थे पाह्य बे, थे पाह्य!"

"इमान जळून राह्यलं लेका!"

"इमान नाही व्हय, मिसाईल व्हय थे!" (रशिया-युक्रेनचं युद्ध सुरू होऊन महिनाच झाला होता, टीव्हीवर दिवसभर तेच.)

आजीने हात जोडले. चुलतभावाने मोबाईल काढला. मिनिटभर तरी हा सोहळा चालला असेल. मग रांग पूर्वेला विझत गेली. पाच मिनिटांत अमरावतीहून मावशीचा फोन. तिनेही तेच पाहिलं होतं, पण "आमच्या तं डोक्यावरूनच गेलं," असं ती सांगत होती. आम्हाला ते उत्तरेच्या बाजूला दिसलं होतं. मावशीचं हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे फार कामाला येणार आहे.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. व्यास सुमारे ३ मीटर, वजन सुमारे ४० किलो. त्याच तालुक्यात पवनपारजवळ धातूचा गोळा सापडला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. सुरुवातीला उल्कावर्षाव म्हणून बातम्या आल्या. त्याच दिवशी न्यूझीलंडमधून उडालेल्या एका रॉकेटचंही नाव घेतलं गेलं. नंतर इस्रोची माणसं येऊन वस्तू पाहून गेली. अंतराळातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ही वस्तू म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या चांग झेंग ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचं सांगितलं होतं, आणि इस्रोचा निष्कर्षही त्याच बाजूचा निघाला. म्हणजे आपण पाहिली ती उल्का नव्हती. वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालून दमलेलं एक रिकामं रॉकेट होतं.

आता प्रश्न असा, की हे गच्चीवर बसून, कोणत्याही उपकरणाशिवाय ओळखता येतं का? येतं. आणि त्यासाठी फर्स्ट इयरचं फिजिक्स पुरतं.

निसर्गाने ठेवलेली फट

आधी शब्द नीट लावून घेऊ. अंतराळातला दगड वातावरणात शिरून जो प्रकाश दिसतो ती उल्का. शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्का असेल तर तिला अग्निगोल म्हणतात. आणि सगळं जळून उरलेला जो दगड जमिनीवर पोचतो तो अशनी. "उल्का शेतात पडली" असं आपण म्हणतो, पण शेतात पडतो तो अशनी. उल्का वरच संपलेली असते.

आता वेग. पृथ्वीची मुक्तिवेग मर्यादा सेकंदाला ११.२ किलोमीटर, हे बारावीत पाठ केलेलं आहे. त्याचाच उलटा अर्थ असा, की दूर अंतराळातून जी वस्तू पृथ्वीवर येते ती पृथ्वीच्या ओढीमुळे कमीत कमी ११.२ च्या वेगाने तरी वातावरणात शिरतेच. जास्तीत जास्त किती? सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूचा वेग पृथ्वीच्या अंतरावर ४२ पर्यंत जाऊ शकतो, पृथ्वीचा स्वतःचा ३०. समोरासमोर टक्कर झाली तर बेरीज ७२. म्हणजे उल्केचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर.

आणि रॉकेटचा सांगाडा? तो पृथ्वीभोवती फिरत असतो, म्हणजे त्याचा वेग ११.२ च्या आतच असणार, नाहीतर तो फिरलाच नसता, निघून गेला असता. वातावरणाला घासत घासत कक्षा लहान होत खाली येणारी वस्तू साधारण ८ किलोमीटरच्या आसपास असते. ८ आणि ११ यांच्या मधली ही फट आपल्या फार उपयोगाची आहे. फटीच्या अलीकडे माणसाने केलेलं, पलीकडे निसर्गाने पाठवलेलं.

दुसरा फरक कोनाचा. उल्का कोणत्याही कोनात येते, बऱ्याचदा चांगली तिरपी घुसते. कक्षेतून घसरलेलं रॉकेट मात्र वातावरणात जवळजवळ आडवं शिरतं, तलावावर भाकर मारावी तसं. (शहरातल्या मित्रांसाठी: चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जाईल असा आडवा फेकणे.) म्हणून ते शेकडो किलोमीटर जळत जातं.

आपल्याकडच्या हिशेबात सांगतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. तेच ७५ किलोमीटर २० च्या वेगाची मध्यम उल्का ४ सेकंदांत ओलांडते. रॉकेटला ९ ते १० सेकंद लागतात. (एसटीचा वेळ विचारू नका.)

मग जळतं का?

शाळेच्या पुस्तकात "हवेच्या घर्षणाने" असं एक वाक्य असतं. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण खरी गोष्ट जास्त मजेदार आहे. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, ते अनुभवलं असेल. त्यातली मोठी करामत दाबाची असते: हवा पटकन दाबली की तापते. उल्का आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पट जोरात येते. समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, हजारो अंश तापते, आणि तो तापलेला पट्टा दगडाचा पृष्ठभाग वितळवतो, त्याची वाफ करतो. आपल्याला दिसतो तो प्रकाश या वाफेतल्या आणि हवेतल्या अणूंचा. सोडियम असेल तर पिवळा-नारिंगी, मॅग्नेशियम असेल तर हिरवट-निळा. आपल्या केमिस्ट्री लॅबमधली फ्लेम टेस्टच ती, फक्त बर्नर ८०-१०० किलोमीटर उंचीवर आहे.

ऊर्जा किती? १ ग्रॅमचा खडा, वेग सेकंदाला २० किलोमीटर. अर्धा एम व्ही वर्ग करा: २ लाख जूल. आता चालवणाऱ्यासकट २०० किलोची मोटारसायकल ताशी ६० ने चालली आहे, तिची गतिज ऊर्जा सुमारे २८ हजार जूल. म्हणजे हरभऱ्याएवढ्या खड्यात सात मोटारसायकली बसल्या आहेत! किलोभर दगडात २० कोटी जूल, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या पंचेचाळीस पटींहून जास्त. दगड पेटतो तो स्फोटक असल्यामुळे नव्हे, वेगामुळे.

रॉकेटचं तसं नाही. वेग कमी, म्हणून किलोमागे ऊर्जाही उल्केच्या सहाव्या-सातव्या भागाएवढी. पण ते पोकळ, पत्र्याचं, टाक्या-नळ्या-बोल्टांनी जोडलेलं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, जोड सुटतात, आणि एकेक भाग वेगळा होऊन आपापली शेपूट काढत चालू लागतो. जड तुकडे पुढे धावतात, हलके मागे रेंगाळतात, म्हणून रांग. ती "शाळेची सहल" हीच.

एक, दोन, तीन... मोजा!

आता मुख्य सूत्र. आकाशात जाळ दिसला की पहिल्यांदा खिशात हात घालू नका. मोबाईल निघेपर्यंत उल्का संपलेली असते. मनात मोजायला सुरुवात करा.

पाच-सहा सेकंदांत खेळ आटोपला, तर ती उल्का. का, ते बघा: १०० किलोमीटर उंचीवर पेटून, ४५ अंशांत तिरपी येऊन, ३० किलोमीटरवर विझली, तर जळतानाचा रस्ता झाला १०० किलोमीटर. वेग २० धरला तर ५ सेकंद. लहान उल्का तर एका सेकंदातच जाते. तिला पाहून "अरे तारा तुटला" म्हणेपर्यंत शेजारचा विचारतो, "कुठी?"

मोजणी तीसच्या पुढे गेली, वस्तू सावकाश चालली आहे, तुकडे एका रांगेत आहेत, तर ते जवळजवळ नक्की माणसाने वर नेलेलं काहीतरी परत येतंय. २ एप्रिलला आपण मिनिटभर पाहिलं. ८ च्या वेगाने मिनिटात ४८० किलोमीटर होतात. म्हणूनच एकच वस्तू मध्य प्रदेशातही दिसली, जळगाव-बुलडाण्यातही, अकोला-अमरावतीतही, आणि तिचे तुकडे चंद्रपुरात पडले.

दहा ते तीसच्या मधलं काय? तिथे घाई करू नये, इतर खुणा पाहाव्या. आणि नियमाला अपवादही आहे. १० ऑगस्ट १९७२ रोजी अमेरिका-कॅनडावरून भर दिवसा एक अग्निगोल सुमारे १०० सेकंद दिसत गेला. तो खरा अंतराळातला दगड होता, पण इतका आडवा आला की वातावरणाला नुसता खरचटून परत निघून गेला. असे पाहुणे फार क्वचित.

विमान असेल तर दिवे लुकलुकतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असेल तर शांत, पांढरा, शेपटीविना ठिपका, चार-पाच मिनिटं. आणि स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यानंतर काही दिवस मण्यांच्या माळेसारखे दिसतात, पण त्यात जाळ नसतो.

"आपल्या टेकडीमागेच पडली!"

अग्निगोल दिसला की प्रत्येक गावात एक माणूस असा निघतोच ज्याने तो "पलीकडच्या वावरात" पडताना पाहिला. माणूस खोटं बोलत नसतो. डोळ्याला तसंच दिसतं. पण हिशेब करा. उल्का विझते साधारण ३० किलोमीटर उंचीवर. ती क्षितिजापासून १० अंशांवर विझताना दिसली, तर ३० भागिले टॅन १०, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर दूर. अमरावतीच्या हॉस्टेलवरून पूर्वेला ती "बडनेरा रोडच्या झाडामागे" गेली असं वाटलं तरी प्रत्यक्षात ती नागपूरच्याही पलीकडे असते. अकोल्याहून पश्चिमेला तशीच दिसली तर जळगाव ओलांडून. म्हणून रात्री टॉर्च घेऊन वावरात धावण्यात अर्थ नाही. विंचू-काटा भेटेल, अशनी नाही.

शिवाय पेटता जाळ जमिनीपर्यंत येतच नाही. १५-२० किलोमीटर उंचीपर्यंत येताना दगडाचा वेग इतका कमी होतो की प्रकाश बंद पडतो. पुढे काही मिनिटं तो अंधारात, इमारतीवरून सोडलेल्या दगडासारखा नुसता पडतो. वरचा थर वितळून उडून गेलेला, आतला गाभा अंतराळातल्या थंडीचाच. म्हणून नुकताच पडलेला अशनी हाताला चटका देईल आणि गवत पेटवेल ही कल्पना सिनेमातली.

मग तो पडला कुठे हे कळणार कसं? इथे मावशीचं वाक्य आठवा.

अकोला आणि अमरावती यांच्यात सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर अंतर आहे. अग्निगोल पेटतो तोही साधारण ८० किलोमीटर उंचीवर. म्हणजे एखादा अग्निगोल अकोल्याच्या बरोबर डोक्यावर पेटला, तर अमरावतीकराला तो पश्चिमेला ४५ अंशांवर दिसेल. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण दोन ठिकाणांहून एकच झेंडा पाहतो आणि त्रिकोण सोडवतो, तेच हे. थिओडोलाइटऐवजी दोन शहरांतली दोन माणसं, आणि पायारेषा ८० किलोमीटरची. आकाशातल्या चंद्राला इथून पाहा की तिथून, तो जागचा हलत नाही. पण त्या रात्रीची वस्तू मावशीला डोक्यावर आणि आम्हाला उत्तरेला दिसली, म्हणजे ती चंद्र-ताऱ्यांइतकी दूर नव्हती. ती अमरावतीवरून, अकोल्याच्या उत्तरेकडून गेली. दोघांनी क्षितिजापासूनचे कोन लिहून ठेवले असते तर तिची उंचीही काढता आली असती. एका माणसाचं निरीक्षण ही गंमत असते, दोघांचं मोजमाप होतं.

हे मनोराज्य नाही. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातेत सुरेंद्रनगर जिल्ह्यात धजाळा गावाच्या परिसरात अशनींचा पाऊस पडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी शाळेतली मुलं, शिक्षक, गावकरी यांच्या मदतीने सुमारे ४५ किलो तुकडे गोळा केले. आणि "कोणत्या दिशेने आला, किती वर होता" या साध्या माणसांच्या सांगण्यावरून तो दगड सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत होता हेही काढलं. कॅमेरा नाही, मोबाईल नाही. नुसतं नीट पाहिलेलं आणि नीट सांगितलेलं.

आपल्या मातीतले पाहुणे

कोणी म्हणेल, हे सगळं गुजरातेत आणि अमेरिकेत, वऱ्हाडात काय? तर ऐका. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात अंदुरा गाव आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये तिथे सुमारे १८ किलोचा अशनी पडला. जगभरच्या अशनींच्या सूचीत तो "अंदुरा" याच नावाने आहे, कारण अशनीला नाव द्यायचं ते जिथे पडला त्या गावाचं, असा नियमच आहे. त्याही आधी, १८३८ साली, सूचीत "चंदकापूर" अशी नोंद असलेला एक अशनी वऱ्हाडातच पडला. आणि २२ मे २०१२ ला भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. त्या काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली हेच खनिज सर्वांत जास्त आहे, पण तिथवर कोणी पोचू शकत नाही. अंतराळातल्या टकरीत तसाच प्रचंड दाब क्षणभर निर्माण झाला आणि नमुना काटोलच्या मातीत येऊन पडला. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांचा त्यावरचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

लोणारबद्दल तर सांगायलाच नको. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये बसलेल्या धडकेने झालं. त्याचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं.

पण आपल्याकडे एक अडचण आहे. आपली सगळी जमीनच काळ्या दगडाची! वावरात काळा, जड, चुंबकाला ओढ देणारा दगड सापडला म्हणून तो अशनी होत नाही. आपल्या बेसॉल्टमध्येही चुंबकी खनिज असतं. मग ओळखायचं कसं? ताज्या अशनीवर वितळून झालेली पातळ काळी साल असते, अंड्याच्या कवचासारखी, आणि कुठे खरचटली असेल तर आतला दगड फिकट राखाडी दिसतो. बेसॉल्ट आतबाहेर काळा. बहुतेक अशनींत लोखंड-निकेलचे चमकणारे बारीक कण असतात. आणि दगडात बुडबुड्यांसारखी भोकं असतील तर तो आपल्याच ज्वालामुखीचा किंवा भट्टीतली मळी समजावी. तरी शंका राहिलीच तर फोडू नका, धुवू नका. तहसील कार्यालयाला कळवा किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला. देशात पडणाऱ्या अशनींची जबाबदारी त्यांच्याकडे आहे, आणि त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.

गंमत बाजूला ठेवून

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे सांगायच्या आहेत, कारण त्यांनी माणूस वाचतो.

पहिली, खिडकी. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा दगड साधारण ३० किलोमीटर उंचीवर फुटला. सकाळची वेळ. सूर्यापेक्षा प्रखर प्रकाश झाला. लोक धावत खिडकीशी आले, काचेला नाक लावून आकाशातली धुराची रेघ पाहू लागले. आणि दोनेक मिनिटांनी धक्कालहर पोचली. काचा फुटल्या, सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले, त्यातले बरेचसे काचांमुळे. विजेसारखंच हे: आधी प्रकाश, मग आवाज. आवाजाला एका किलोमीटरला ३ सेकंद लागतात, ६० किलोमीटरला ३ मिनिटं. म्हणून फार प्रखर अग्निगोल दिसला, भिंतींवर सावल्या सरकल्या, तर उघड्यावर राहा, किंवा खोलीत असाल तर काचेपासून लांब सरका, आणि पुढची पाच मिनिटं तसेच थांबा. आपल्या हॉस्टेलची गंमत माहीत आहे: बाहेर काही खुट्ट झालं की एका खिडकीत आठ डोकी. तेवढं त्या पाच मिनिटांपुरतं टाळा. आवाज आला तर किती सेकंदांनी आला तेही मोजा, तीही माहितीच आहे.

दुसरी, धातू. लाडबोरीची रिंग गावात पडली, कोणाच्या अंगावर पडली नाही, हे नशीब. रॉकेटमधले गोल दाबाचे डबे बहुधा टायटॅनियमसारख्या उष्णता सोसणाऱ्या धातूचे असतात, शिवाय पोकळ आणि हलके असल्याने वरच्या विरळ हवेतच त्यांचा वेग कमी होतो, म्हणून ते जमिनीपर्यंत शाबूत येतात. त्यांच्यात दाब किंवा विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. असं काही सापडलं तर हात लावू नये, सेल्फी लांबून, आणि पोलिसांना फोन. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर भरपाईची जबाबदारी ती सोडणाऱ्या देशाची असते. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला, तेव्हा कॅनडाने सफाईच्या खर्चापोटी शेवटी ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळवले. पण दावा करायचा तर पुरावा लागतो, आणि पुरावा भंगारवाल्याकडे गेला की संपलं.

काय लिहून ठेवायचं

अग्निगोल दिसल्यावर बडबड सुरू होण्याआधी, पहिल्या पाच मिनिटांत, वहीच्या मागच्या पानावर एवढं लिहा:

१. वेळ, मोबाईलच्या घड्याळाप्रमाणे, मिनिटासकट.

२. तुम्ही उभे होतात ती जागा.

३. सुरुवात कुठे, शेवट कुठे. "तिकडून इकडे" असं नको. पाण्याची टाकी, मोबाईल टॉवर, गॅदरिंगचा मंडप, अशा जागेवरच्या खुणा लिहा. दिशा सकाळी होकायंत्राने काढता येतात.

४. उंची. हात लांब करून मूठ धरा. मूठभर म्हणजे सुमारे १० अंश. क्षितिजापासून किती मुठी?

५. किती सेकंद. मनातल्या मनात मोजलेले.

६. रंग, तुकडे झाले का, आवाज आला का आणि किती वेळाने.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याशी बोलायच्या आधी लिहा. चौघांची चर्चा झाली की चौघांचे आकडे सारखे होतात, आणि मग प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं होतं: सगळ्यांचं उत्तर एकच आणि कोणीच प्रयोग केलेला नाही! आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर असा अहवाल कोणालाही भरता येतो, त्यात हेच प्रश्न विचारतात.

सरावासाठी फार वाट पाहायला नको. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेली ती धूळ. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर, म्हणजे जरा निवांत, डोळ्याला सापडणाऱ्या उल्का. ऑगस्टमधला ययाती वर्षाव मोठा नावाजलेला, पण आपल्याकडे तेव्हा पावसाळा, आकाश दिसेल तर शपथ. डिसेंबरात मात्र आकाश स्वच्छ, थंडी कडक, आणि सेमिस्टरची परीक्षा जवळ असल्याने तसेही सगळे जागेच असतात!

म्हणून आदरणीय रेक्टर सरांना आणि मॅडमना या पानावरून जाहीर विनंती. १३ डिसेंबरच्या रात्री दहा ते बारा, दोन तास, दोन्ही हॉस्टेलच्या गच्च्या उघडाव्यात आणि आवारातले दिवे बंद ठेवावेत. मुलांच्या आणि मुलींच्या हॉस्टेलमधलं अंतर काही ८० किलोमीटर नाही, त्यामुळे त्रिकोण सुटणार नाही. पण अकोल्याच्या कॉलेजातले आमचे मित्र त्याच वेळी आपल्या गच्चीवर बसायला तयार आहेत. तेही मोजतील, आम्हीही मोजू. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवले, की वऱ्हाडावरून गेलेली एखादी तरी उल्का किती उंचावर पेटली होती ते आपल्या हाताने काढलेलं असेल. ग्राफ पेपर मी आणतो.